गोल गावातली उभी-आडवी लाकडं

व्हेंडलांड हा जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्याचा पूर्वेकडचा कोपरा. हॅम्बुर्ग आणि बर्लिनच्या मध्ये कुठेतरी, शेतं आणि पाइनच्या रानांत पसरलेला, 50,000च्या आसपास वस्तीचा ल्यूखो-डानेनबर्ग जिल्हा. इथल्या ‘रुंडलिंग’ म्हणजे गोल खेड्यांबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. घरदुरुस्तीचे प्रश्न जास्त आले, म्हणून उत्तरांचं पारडंही तिकडेच झुकलं आहे.

प्रश्न : ही गावं गोल का? शत्रू आला की गुरं मध्ये कोंडून वेस बंद करायची, असं वाचलं होतं. खरं आहे का? (आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, पुणे)

दिसायला पटण्यासारखं आहे, पण त्याला आधार नाही. या गावांना तटबंदी नव्हती. घरांच्या मागे वाड्या, त्यामागे ओलसर कुरणं, एवढंच. गुरांसाठी गोल मोकळा ठेवला, ही कल्पनाही जुनी झाली.

आज जास्त मान्य असलेली मांडणी ब्राउनश्वाइगचे भूगोलतज्ज्ञ वोल्फगांग मायबायर यांची. बाराव्या शतकाच्या मध्याला जर्मन सरदारांनी इथे स्लाव शेतकऱ्यांना आखीव पद्धतीने वसवलं. सुरुवातीला आकार पूर्ण गोल नव्हता, घोड्याच्या नालासारखा होता. पुढे वाटण्या झाल्या, एका जागेच्या दोन झाल्या, नवी घरं पाचरीसारखी मध्ये घुसली आणि नाल हळूहळू बंद होत गेला.

नकाशा काढाल तेव्हा काही गोष्टी पाहा. प्रत्येक वाडीचं चिंचोळं टोक चौकाकडे आणि रुंद बाजू बाहेर असते. कापलेल्या भाकरीचे तुकडे आठवा. घराची त्रिकोणी कपाळपट्टी चौकाकडे असते. आत यायची वाट मुळात एकच, आणि तिच्या साधारण समोर गावप्रमुखाची, म्हणजे शुल्त्सेची, मोठी वाडी. चर्च मात्र वर्तुळाच्या बाहेर, कारण ते गावानंतर आलं. आणि गावाची जागा बघा: जवळजवळ नेहमीच कोरडी वाळूची जमीन आणि सखल ओली जमीन यांच्या सीमेवर. एका हाताला नांगर, दुसऱ्या हाताला चारा.

प्रश्न : तिथल्या गावांची नावं जर्मन वाटत नाहीत. मग ते लोक कोणती भाषा बोलायचे? (ठाणे)

पोलाबी नावाची स्लाव भाषा. पोलिश आणि सॉर्बियन तिच्या बहिणी. डोल्गो, सातेमिन, ग्यूस्ट्रित्स, मॉयखेफित्स ही नावं तिचीच. (नावाच्या शेवटी ‘ओ-डब्ल्यू’ असेल तर डब्ल्यू उच्चारायचा नाही, ‘डोल्गोव्ह’ म्हणालात की परके ठरलात. आणि हो, ल्यूखोजवळ क्रेमलिन नावाचंही एक खेडं आहे.)

भाषा अठराव्या शतकात संपली. वुस्ट्रोचे पाद्री क्रिस्टियान हेनिग यांनी 1700च्या सुमारास तिचे शब्द टिपून ठेवले. स्यूटेन गावचा शेतकरी योहान पारुम शुल्त्से यानेही 1725च्या सुमारास आपल्या बखरीत शब्द नोंदले. त्याने लिहिलं आहे की मी 47 वर्षांचा आहे. मी आणि गावातली आणखी तिघं गेली की कुत्र्याला वेंडी (म्हणजे पोलाबी) भाषेत काय म्हणतात हेही कुणाला धड सांगता येणार नाही. डोल्गोची एमेरेन्त्स शुल्त्से 1756 साली 88 व्या वर्षी वारली, तेव्हा ही भाषा नीट बोलणारी आणि गाणारी शेवटची बाई गेली, अशी चर्चच्या वहीत नोंद झाली.

प्रश्न : फोटोत घराला एवढा मोठा दरवाजा दिसतो. आत राहत होते की धान्य ठेवत होते? (कोल्हापूर)

दोन्ही, आणि गुरंसुद्धा. या घराला हालेनहाउस म्हणतात. एकाच छपराखाली माणसं, जनावरं आणि पीक. मोठा दरवाजा म्हणजे ‘ग्रोट डोर’. भरलेली गाडी थेट आत येईल एवढा. आत लांबलचक मातीची जमीन, ‘डीले’. तिच्या दोन्ही बाजूंना गाई आणि घोडे, तोंडं डीलेकडे, म्हणजे मधूनच चारा टाकता येतो. गाडीवरच्या पेंढ्या वरच्या माळ्यावर चढवायच्या, झोडणी खाली डीलेवर. माणसांच्या खोल्या अगदी मागे. त्यांच्या आणि गुरांच्या मध्ये उघडी चूल.

चुलीला धुराडं नव्हतं. धूर माळ्यातून, छपरातून वाट काढत बाहेर. डोळे जळायचे हे खरं, पण त्याच धुराने वर टांगलेलं मांस टिकायचं, धान्य कोरडं राहायचं आणि गवती छपरातले किडे मरायचे. धुराडी आली तशी छपरं लवकर कुजू लागली, हा त्यातला वाईट भाग.

जुनं घर ओळखायचं असेल तर खांबांच्या रांगा मोजा. दोन रांगांच्या घरात छपराचं वजन आतल्या खांबांवर असतं. बाहेरची भिंत बुटकी आणि नुसती आडोशाला. चार रांगांच्या घरात बाहेरच्या भिंतीही भार घेतात, म्हणून त्या उंच, गोठे उंच, माळा मोठा. तीन रांगांचं घर म्हणजे अर्धं हे, अर्धं ते. एका बाजूची पागोळी खाली, दुसरी वर, त्यामुळे समोरून ते एका खांद्याने झुकल्यासारखं दिसतं.

प्रश्न : दरवाज्यावरच्या तुळईवर कोरलेला मजकूर वाचता येत नाही. जर्मन येतं, तरीही. (सध्या मुक्काम हॅम्बुर्ग)

जर्मन येतं म्हणूनच अडत असाल. आधुनिक स्पेलिंग शोधू नका. यू आणि व्ही, आय आणि जे यांची अदलाबदल गृहीत धरा. कोरणारा सुतार होता, कारकून नव्हे. एन उलटा कोरलेला सापडेल, जागा संपली म्हणून शब्द अर्धवट तुटलेला सापडेल.

क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी बायबलमधलं वचन किंवा स्तोत्राची ओळ. ‘परमेश्वर घर बांधत नसेल तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ’ हे 127 वं स्तोत्र फार आवडतं. मग नवऱ्याचं नाव, मग बायकोचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट. ‘गेब.’ दिसलं की पुढचं माहेरचं. मग ‘आनो’ (लॅटिनमध्ये ‘साली’) आणि साल, तारीख, कधी शेवटी सुताराचं नाव.

तारीख घर राहायला तयार झाल्याची नसते. सांगाडा उभा केल्याची असते. आणि तुळई जुन्या घरातून काढून नव्या घराला लावलेली असू शकते. अर्धवट खाचा दिसतात आणि त्यांत काहीच बसलेलं नाही, तर लाकूड दुसऱ्यांदा वापरलंय असं समजा. खात्री हवी असेल तर लाकडाच्या वलयांवरून काळ काढतात. त्यासाठी 50 किंवा जास्त वलयं असलेला ओकचा नमुना लागतो, आणि सालीलगतचं शेवटचं वलय शाबूत असेल तरच झाड कोणत्या वर्षी तोडलं ते नेमकं कळतं. ते तासून गेलं असेल तर ‘अमुक सालानंतर’ एवढंच उत्तर मिळेल. ओक त्या काळी ओला असतानाच वापरत, म्हणून तोडलेलं साल आणि बांधलेलं साल फारसं लांब नसतं.

सांध्यांजवळ रोमन आकड्यांसारख्या खुणा दिसतील. त्यांचा सालाशी संबंध नाही. सांगाडा जमिनीवर जुळवून, सुटा करून, पुन्हा उभा करताना कोणतं लाकूड कुठे बसतं याच्या त्या खुणा आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं वोल्फ्सबुर्गला नोकरी करतो. व्हेंडलांडमध्ये जुनं फाखवेर्क घर स्वस्तात मिळतंय. घेताना काय बघावं? नुकतंच रंगवलेलं असून स्थिती ‘उत्तम’ आहे असं विकणारा सांगतो.

नुकतंच रंगवलेलं आहे, हीच पहिली शंका.

फाखवेर्क म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्याच्या चौकटीत भरलेली माती किंवा विटा. चौकटीला गेफाख म्हणतात. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं, आकसतं. भरणं आणि लाकूड यांच्यात बारीक फट राहतेच, पावसाचं पाणी त्यातून आत जातंच. घर दोनशे वर्षं टिकलं ते पाणी आत गेलं नाही म्हणून नव्हे, गेलेलं पाणी माती-चुन्यातून परत उडून गेलं म्हणून. आता गेफाखावर सिमेंटचा गिलावा, वर प्लास्टिक रंग आणि फटीत अॅक्रिलिकची पट्टी अशी कल्पना करा. पाणी पट्टीच्या कडेने केसभर जागेतून आत शिरतं आणि बाहेर पडायची वाट मात्र बंद. लाकूड मागून कुजतं, पुढून झकास दिसतं. या गावांत सगळ्यांत जास्त घरं अशा कळकळीच्या दुरुस्तीने खराब झाली आहेत.

म्हणून एक टोच्या आणि टॉर्च घेऊन जा. सुरुवात अगदी तळाच्या आडव्या तुळईपासून करा. तिला जर्मनमध्ये ‘श्वेले’ म्हणतात, म्हणजे आपला उंबराच. दर अर्ध्या मीटरवर टोचा, विशेषतः पश्चिम बाजूला आणि नळाच्या पाइपाखाली. जुन्या ओकमध्ये टोच्या दोन-चार मिलिमीटरवर अडतो. दोन सेंटीमीटर सहज गेला तर तो तुकडा गेलेला आहे. मग बाहेरच्या जमिनीची उंची बघा. तुळई जमिनीपासून 30 सेंटीमीटर तरी वर हवी. पागोळीचं पाणी तेवढं उडतं. अंगणात थरावर थर फरसबंदी होऊन जमीन वर आलेली असते आणि उंबरा चिखलात बसतो. हे जिथे झालंय तिथे बाकीचं तपासायच्या आधीच भावात घासाघीस करा.

ओलावा मापकाचा आकडा 18 टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. 20च्या वर सतत राहत असेल तर कारण शोधा. तळघरात किंवा फळ्यांखाली विटकरी रंगाची भुकटी, राखाडी दोऱ्यांसारखं जाळं आणि चौकोनी तुकड्यांत तडकलेलं लाकूड दिसलं तर थांबा: ही घराची बुरशी असू शकते आणि ती विटांच्या भिंतीतूनही पुढे सरकते. तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय सही करू नका. पाइनच्या वाशांत लांबट भोकं आणि खाली पांढरट ताजा भुसा असेल तर किडा जिवंत आहे. भोकं जुनी, काळवंडलेली, भुसा नाही, तर बहुधा जुनी गोष्ट.

कामाचा क्रम: आधी छप्पर आणि पाण्याचा निचरा, मग उंबरा, मग गेफाख, शेवटी आतलं. लोक उलटं करतात, बाथरूमपासून. कुजलेला उंबरा बदलताना वरचा भार जॅकवर घेऊन चांगल्या लाकडापर्यंत कापतात आणि नवा ओकचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडतात. खाली चुन्याचा थर, सिमेंटचा नाही. सांध्यात खिळा नको, वाळलेल्या ओकची फोडून केलेली मेख हवी. कुसातलं भोक दोन-तीन मिलिमीटर सरकवून पाडतात, म्हणजे मेख ठोकताना सांधा आपोआप आवळला जातो.

थंडीसाठी बाहेरून थर्माकोल चढवायचा नाही. घराचा चेहराच जाईल, परवानगीही मिळणार नाही. आतून 4 ते 6 सेंटीमीटर लाकूडतंतूंची पाटी मातीच्या गाऱ्यात पूर्ण टेकवून बसवा. मध्ये पोकळी राहिली की तिथे वाफेचं पाणी होतं. ‘पूर्ण टेकवून’ हे शब्द कंत्राटात लिहून घ्या.

पैशांचं. लोअर सॅक्सनीत खरेदीवर 5 टक्के कर, वर नोटरी आणि नोंदणीचा खर्च. घर वारसा यादीत असेल तर खिडकी बदलायलाही जिल्ह्याच्या वारसा कार्यालयाची परवानगी लागते. त्याचा मोबदला करात मिळतो. स्वतः राहणार असाल तर आयकर कायद्याच्या 10-एफ कलमाखाली मान्य खर्चाच्या 9 टक्के दर वर्षी, 10 वर्षं वजा करता येतात. भाड्याने देणार असाल तर 7-आय कलमाखाली पहिली 8 वर्षं 9 टक्के आणि पुढची 4 वर्षं 7 टक्के. एकच अट लोकांना महागात पडते: काम सुरू करण्याआधी कार्यालयाशी ठरलेलं असलं पाहिजे. आधी भिंत फोडली आणि मग अर्ज केला, तर त्या भिंतीचा खर्च गेला. खरेदीची किंमत यात धरत नाहीत, फक्त दुरुस्तीचा खर्च.

प्रश्न : मातीची गेफाख भरणी म्हणजे आपला कूडच ना? मग शेणमातीने चालेल का? (रत्नागिरी)

तत्त्व तेच. कोकणात कारवी किंवा बांबूचा कूड करून दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपतात. शेण जर्मनीतही मातीत घालायचे. त्यात काही नवल नाही. फरक पावसाच्या दिशेचा आणि थंडीचा. आपल्याकडे पडवी आणि पुढे आलेलं छप्पर भिंतीला झाकतं. तिथे वारा पाऊस आडवा आणतो, वर बर्फ. म्हणून बाहेरच्या अंगाला चुन्याचं कातडं लागतं.

पद्धत अशी. फोडलेल्या ओकच्या 3-4 सेंटीमीटर जाडीच्या काठ्या घ्या. वरचं टोक वरच्या तुळईच्या भोकात घालायचं आणि खालचं खालच्या तुळईच्या खाचेतून बाजूला सरकवत आणायचं. अंतर 8 ते 10 सेंटीमीटर. मधून विलो किंवा हेझलच्या फांद्या विणायच्या, आपण टोपली विणतो तशा.

माती एक रात्र तरी भिजत ठेवा. लिंबाएवढा नव्हे, चांगला मुठीएवढा गोळा करून दीड मीटरवरून फरशीवर टाका. नुसता चपटा झाला, भेग नाही, तर चिकणमाती जास्त आहे. वाळताना फाटेल, वाळू घाला. ठिकऱ्या झाल्या तर वाळू जास्त. थोडा चपटा आणि कडेला दोन-चार भेगा, हे बरोबर. 10-15 सेंटीमीटर लांब पेंढा कापून पायाने तुडवा. मग दोघांनी दोन बाजूंनी एकाच वेळी दाबत भरायचं, म्हणजे विणीतून माती एकमेकांत रुतते. एकट्याने भरली तर अर्धी माती पलीकडे पडते.

लाकडाच्या पृष्ठभागापासून दीड-दोन सेंटीमीटर आत थांबा आणि ओल्या मातीवर खराट्याने ओरखडे काढा. पुढे चुना त्यांनाच धरणार आहे. वाळायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून काम एप्रिल ते जुलैमध्येच. ऑक्टोबरात भरलेली माती आत ओलीच राहते, जानेवारीत गोठते आणि मार्चमध्ये गिलाव्यासकट खाली येते. कडेने फट पडेल. ती त्याच मातीने, ओली करून, ठासून भरा. ट्यूबमधलं काही भरू नका.

मग चुना आणि वाळू 1:3, त्यात जनावरांचे केस, दोन पातळ थरांत. आधी भिंत भिजवा, नंतर काही दिवस ओल्या गोणपाटाने झाका. उन्हात झटकन वाळलेला चुना पिठासारखा सुटतो. गिलावा लाकडाच्या बरोबरीला थांबला पाहिजे. उशीसारखा फुगवून लाकडावर चढवला की त्याच्या वरच्या काठावर पाणी साठतं. लाकडालगत थापीने एक सरळ काप द्या, म्हणजे भेग तिथेच पडेल, वेडीवाकडी नाही. शेवटी चुन्याचे चार-पाच पातळ हात. एकच जाड हात दिलात तर पोपडे.

प्रश्न : गावातल्या भट्टीतला काळा पाव घरी करून पाहिला. मधोमध चिकट, लगद्यासारखा पट्टा राहिला. (नाशिक)

राईच्या पिठाला गव्हासारखं धरून चाललात. राईत स्टार्च तोडणारं विकर (एन्झाइम) जोरात असतं. आंबटपणा पुरेसा नसेल तर ते पाव भाजता भाजताच स्टार्चचं पाणी करतं. नुसत्या यीस्टने फुगेल, पण पट्टा राहणारच.

1 किलो राईच्या पिठातलं 400 ग्रॅम वेगळं काढून 400 मिलिलीटर पाणी आणि 40 ग्रॅम जुनं आंबवण घालून 26-28 अंशांवर 14 ते 16 तास ठेवा. मग उरलेलं 600 ग्रॅम पीठ, 380 मिलिलीटर कोमट पाणी, 20 ग्रॅम मीठ. जेमतेम 5-6 मिनिटं कालवा. मळून ताणायचा प्रयत्न व्यर्थ, हे पीठ चिखलासारखंच राहतं. अर्धा तास थांबून ओल्या हातांनी साच्यात भरा, तासभर फुगू द्या. 250 अंशांवर घालून 10 मिनिटांनी 200वर आणा, एकूण 65 ते 70 मिनिटं. आतलं तापमान 97 अंश झालं की काढा. आणि 24 तास कापू नका. गरम कापलात तर बरोबर भाजलेल्या पावातही तोच पट्टा दिसेल. नाशिकच्या उन्हाळ्यात आंबवण 16 तासांआधीच तयार होतं, तेव्हा 10 तासांनंतर वास घेत राहा.

गावची भट्टी घरापासून लांब असते, ठिणगीच्या भीतीने. सातेमिन 1850 साली जळून गेलं, ती भीती पोकळ नव्हती. भट्टीच्या पोटातच फांद्यांच्या मोळ्या दोन-तीन तास जाळतात, निखारे ओढून काढतात, ओल्या पोत्याने तळ पुसतात. मूठभर पीठ तळावर टाकायचं: लगेच काळं झालं तर थांबा, सावकाश तांबूस झालं तर पाव आत. उतरत्या आचेवर केक, सगळ्यांत शेवटी फळांच्या फोडी वाळवायला.

प्रश्न : एका दिवसात काय बघावं? गाडी नाही. (बर्लिनला शिकणारा विद्यार्थी)

साल्त्सवेडेलपर्यंत रेल्वे, पुढे सायकल. ल्यूखो तिथून साधारण 15 किलोमीटर. ल्यूखोला प्रवासी गाडी जात नाही. ल्यूबेल्नला रुंडलिंगचं खुलं संग्रहालय आहे, आधी ते बघा, मग सातेमिन. सातेमिनची घरं आगीनंतर एकदमच बांधली गेली, म्हणून तिथे चौकात उभं राहिलं की चार रांगांची घरं शेजारी-शेजारी दिसतात. स्वर्गारोहण दिनापासून पेंटेकोस्टच्या सोमवारपर्यंतचे (हे ईस्टरनंतरचे ख्रिस्ती सण) 12 दिवस गावोगाव कलाकार घरं उघडतात. बघायला उत्तम, पण तेव्हा खोली मिळत नाही. एरवी चौक हे लोकांचं अंगण आहे. सायकल वेशीपाशी उभी करा, आणि ग्रोट डोर उघडा दिसला तरी हाक मारल्याशिवाय आत जाऊ नका.